वहिनीचं स्वतःचं इंग्रजी

कॉल सेंटरच्या मजल्यावर सगळेच तिला वहिनी म्हणत, कारण तिचा धाकटा दीर तिथेच कॉम्प्युटर सांभाळायला होता आणि त्याची हाक या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. वहिनीचं काम फोनवरचं. परदेशात कुणाचं वॉशिंग मशीन अडलं की फोन तिच्याकडे येई आणि ती ज्याच्या त्याच्या वळणाचं इंग्रजी बोलून त्याला शांत करी. स्कॉटलंडचा माणूस असला की तिचा ‘र’ जिभेवर घोळे, लंडनचा असला की ‘ट’ घशातच विरे.

मग कंपनीने नवं सॉफ्टवेअर आणलं. तुम्ही तुमच्या इंग्रजीत बोला, गिऱ्हाइकाला त्याच्या वळणाचं ऐकू जाईल. चाचणीत ज्याचं बोलणं सॉफ्टवेअरला कळणार नाही, त्याची खुर्ची जाणार होती. चाचणी घ्यायची होती दिराने.

वहिनी बोलली. पडद्यावर लाल पट्टी आली. पुन्हा बोलली, पुन्हा लाल. सॉफ्टवेअरला इथल्या लोकांचे उच्चार शिकवलेले आणि हिच्या तोंडात सगळी परक्या मुलखांची सरमिसळ. पलीकडे नुसता खरखराट ऐकू येत होता.

“वहिनी, सोंग नको. तुमचं स्वतःचं इंग्रजी बोला.”

“तेच तर बोलतेय, भावोजी.”

शाळेत बोलायचात तसं बोला, असं त्याने सुचवलं. तिने आठवून पाहिलं. बाई आठवल्या, फळा आठवला, स्वतःचा आवाज काही आठवेना. त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तेही वाटेना. ती पाणी प्यायली. जेवणानंतर शेवटची संधी देतो, म्हणून दीर उठला आणि हेडफोनवाल्या दुकानदाराशी फोनवर इंग्रजीत भांडू लागला. एकेक अक्षर ठोकून, सगळे शब्द एकाच उंचीचे. वहिनी डबा न उघडता ऐकत राहिली. ओठ हलत होते.

जेवणानंतर पट्टी हिरवी झाली.

दीर आधी हसला, मग थांबला. “हा तर मी बोलतोय, वहिनी.”

“चाललं ना?”

“चाललं.”

तिने हेडफोन चढवला. पहिलाच फोन वाजत होता. तो उचलण्याआधी ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, “उद्या रजा घेऊ नका हं, भावोजी. अजून तोंडात नीट बसलेलं नाही.”