सोनगीरला वाकणारा माणूस

धुळ्याहून शिरपूरला जायची बस चुकली, म्हणून मी एका ट्रकमध्ये बसलो. गाडी साठीचे एक नाना चालवत होते. क्लीनरच्या जागेवर तिशी ओलांडलेला माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात ट्रकचं नवंकोरं लायसन.

"नव्या ड्रायव्हरच्या हातात कोणी मालक गाडी देत नाही," नाना म्हणाले. "आधी क्लीनरी करावी लागते."

तो पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिला.

सोनगीरचा किल्ला दिसताच तो सीटखाली वाकला. काही शोधत असेल असं मला वाटलं.

"नाना, बाबा उभा शेतस का?" त्यानं खालूनच विचारलं.

फाट्यावर एक म्हातारा आमच्या ट्रककडे बघून हात हलवत होता.

"शेतस," नाना म्हणाले. मग हळूच मला म्हणाले, "घरी सांगितलंय यानं, गाडी हाच चालवतो."

"हॉर्न वाजाडा ना, नाना."

नानांनी दोनदा हॉर्न दिला. उन्हानं चकाकणाऱ्या काचेमागचा नानांचा चेहरा रस्त्यावरून दिसत नसावा. म्हाताऱ्यानं शेजारच्याला ट्रक बोटानं दाखवला.

"बाबा हासनात का?" त्यानं सीटखालून मला विचारलं.

"हो, हसले," मी म्हणालो.

तरी सोनगीर मागे पडून पुढचं नरडाणा येईपर्यंत तो वर येऊन बसला नाही.