रुपराव तितरमारे आणि न दिसणाऱ्या गोगलगायी

सक्करदरा तलावाच्या मागच्या बाजूला आमची गल्ली आहे, आणि गल्लीतल्या शेवटून दुसऱ्या घरात रुपराव तितरमारे राहतात. मूळचे कुहीकडचे. शेती अजून भाऊ करतो, हे मात्र तरुणपणीच एसटीत लागले आणि पुढे मार्ग तपासणी पथकात गेले. उमरेड, भिवापूर, कुही या रस्त्यांवर कुठंतरी झाडाखाली जीप उभी करायची, येणारी बस हात दाखवून थांबवायची आणि एकेका प्रवाशाचं तिकीट बघायचं, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. आपण बसमध्ये चढल्याबरोबर कोण खिडकीबाहेर बघायला लागतो, कोण उगाच खिसे चाचपतो, कोणता कंडक्टर नको तितकं गोड बोलतो, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

नोकरी संपली, नजर तशीच राहिली. दूधवाला माप ओतताना ते दारात उभे राहत. भाजीवाली स्वतःहून जास्तीचा सांभार, म्हणजे कोथिंबीर, द्यायला लागली तर ते खालचे टमाटे उलटून बघत. आम्ही शेजारी त्यांना काही द्यायला गेलो तर आधी त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रश्न यायचा, मग आभार. गोपिकाबाईंना, त्यांच्या बायकोला, याची सवय झाली होती.

अशा माणसाच्या बैठकीत खाऱ्या पाण्याचा फिशटँक कसा आला, तर मुलामुळे. जितेंद्रला तो नाद होता. नागपुरात समुद्राचं पाणी मिळणार कुठून, तर गाळलेल्या पाण्यात पाकिटातलं मीठ कालवून ते घरीच करावं लागतं. आत दगड, दगडांवर मऊ पोवळी, आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या दोन मासळ्या. उन्हाळ्यात घरातल्या माणसांना कूलर आणि त्या मासळ्यांना पाणी थंड ठेवणारं वेगळं यंत्र. जितेंद्रला हैदराबादला नोकरी लागली तेव्हा त्यानं हे सगळं विकायला काढलं. पण घ्यायला आलेला माणूस फारच गोड बोलला, म्हणून रुपरावांनी सौदा मोडला आणि टँक त्यांच्याच गळ्यात पडला.

सुरुवातीला ते कुरकुरत पाणी बदलत. मग हळूहळू खुर्ची टँकसमोर आली. हिरवी, बटणाएवढी पोवळी सकाळी दिवा लागला की उघडतात आणि संध्याकाळी मिटतात, हे ते आल्यागेल्याला दाखवू लागले. आपल्याला हे आवडतं असं मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही.

थंडीच्या दिवसांत एका दगडाच्या खाचेत एक तपकिरी फूल दिसलं. पातळ, जवळजवळ आरपार दिसणारं देठ आणि वर बारीक बोटांची चकती. गोपिकाबाईंना ते छान वाटलं. जितेंद्रनं मोबाइलवर ते पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. हे समुद्रफूल म्हणजे टँकमधलं तण आहे, म्हणाला. शेजारच्या पोवळ्यांना डंख मारतं आणि बघता बघता पसरतं. त्याला हात लावू नका, मी काहीतरी बघतो.

इतकं साधं फूल, आणि हात लावू नका म्हणजे काय, असं रुपरावांना वाटलं. त्यांनी दाढीचं पातं घेऊन ते खरवडून काढलं. त्याचे तुकडे पाण्यात विखुरले, आणि जिथं जिथं तुकडा पडला तिथं नवं फूल आलं. होळीपर्यंत दगडांवर तपकिरी झुडपं झाली. हिरवी बटणं उघडेनाशी झाली. मासळी त्या कोपऱ्यात फिरकेना.

आता हे आलं कुठून? त्यांना वाटलं, ज्या दुकानातून पोवळ्याचा दगड आणला तिथूनच. ते त्या दुकानात गेले आणि काही न बोलता तिथल्या सगळ्या टँकमध्ये वाकून वाकून बघत राहिले. शेवटी दुकानदारानंच विचारलं, काय पाहिजे. काही नाही म्हणून ते परत आले.

जितेंद्रचा एक मित्र होता, सुशील. खापा गावचा मुलगा, नंदनवनात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याच्या घरी समुद्रातल्या बिनशंखाच्या गोगलगायी होत्या, ज्या फक्त हीच फुलं खातात. जितेंद्रनं फोन केला आणि एका रविवारी सुशील एक झाकणाची डबी घेऊन आला. रुपरावांनी चष्मा पुसून डबीत पाहिलं. पाण्यात कापसाचे धागे पडावेत तसं काहीतरी होतं. ते धागे हलत आहेत की पाणी हलतंय, ते त्यांना कळेना.

सुशीलनं दोनच गोष्टी विचारल्या. टँकमध्ये या मासळीशिवाय आणखी काही आहे का, आणि झिंगा तर नाही ना. रुपराव नाही म्हणाले, आणि तेव्हा ते खरंही होतं. मग त्यांनी विचारलं, याचे काय द्यायचे.

"काही नाही, काकाजी."

"काहून गा? फुकट काहून देतं?"

"ह्या दुसरं काहीच खात नाही. तुमच्या इथलं संपलं का उपाशी मरतीन. म्हणून तुमचं काम झालं का पुढच्याले देऊन द्यायच्या. मलेबी अशाच भेटल्या होत्या."

सुशीलनं एका नळीनं ते धागे दगडाच्या खाचेत सोडले. आता काहीही नवीन टाकू नका, धीर धरा, या नाजूक असतात, उजेडात बाहेर येत नाहीत, असं सांगून तो गेला. धागे खाचेत शिरले आणि दिसेनासे झाले.

त्यानंतर रुपराव रोज टँकसमोर बसत. गोगलगाय एकही दिसेना, फुलं मात्र तितकीच. आठवडे गेले तसा त्यांच्या डोक्यात एकेक विचार यायला लागला. डबीत खरंच काही होतं का? फुकट देणारा माणूस घरात आला, सगळी बैठक पाहून गेला, तो कशासाठी? आपण कंटाळून टँक विकावा म्हणून जितेंद्रनं आणि त्यानं मिळून तर हे केलं नसेल? त्यांनी सुशीलला फोन केला. सुशील शांतपणे म्हणाला, वेळ लागतो काकाजी, फक्त नवीन काही टाकू नका. हे वाक्य त्यानं दुसऱ्यांदा म्हटलं होतं, आणि रुपरावांच्या कानात ते अडकलं. जो माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो त्याला काहीतरी लपवायचं असतं, असा त्यांचा नोकरीतला अनुभव होता.

ते सीताबर्डीकडच्या एका दुकानात गेले. तिथं कळलं की एका जातीचे लाल पट्ट्यांचे झिंगे ही फुलं खातात. त्यांनी चार झिंगे घेतले, गोपिकाबाई भजनाला गेल्या असताना टँकमध्ये सोडले, आणि रिकामी पिशवी शेजारच्या प्लॉटमध्ये नेऊन टाकली. ती पिशवी आपल्या घरच्या कचऱ्यात दिसू नये असं का वाटलं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

झिंग्यांनी काम दाखवलं. लहान लहान फुलं भराभर नाहीशी झाली. रुपराव मनातून खूष झाले. म्हणजे त्या पोराच्या डबीत काही नव्हतंच, आपला अंदाज बरोबर निघाला. मोठ्या फुलांना झिंगे तोंड लावत नव्हते आणि दिवसभर कपारीत दडून बसत, तेही बरंच होतं. कोणाला दिसत नव्हते.

मे महिन्यात एका दुपारी डीपी जळाला आणि सगळ्या गल्लीतली वीज गेली. बाहेर झळा. बैठकीचे पडदे ओढलेले, त्यामुळे आत अंधार. इन्व्हर्टर पंख्यांवर कधीच संपला होता. पाणी थांबलं तर मासळी गुदमरेल म्हणून रुपराव स्टुलावर उभे राहून मगानं टँकचं पाणी वर घेऊन पुन्हा आत सोडत होते आणि गोपिकाबाई मोबाइलची बॅटरी धरून उभ्या होत्या. बराच वेळ असं चाललं होतं. एकाएकी गोपिकाबाई म्हणाल्या, "अवो, हे काय आहे?"

दगडाच्या कडेला, एका मोठ्या फुलाच्या देठाशी, बोटाच्या पेराएवढा एक जीव चिकटला होता. पाठीवर पांढुरक्या मऊ काट्यांची झालर. त्यानं तोंड फुलात खुपसलं होतं आणि ते मोठं फूल आकसून अर्धं झालं होतं. रुपराव हातात मग धरून तसेच राहिले. म्हणजे होत्या. इतके दिवस होत्या, आणि खाऊन मोठ्याही झाल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते गोपिकाबाईंनी त्या उजेडात पाहिलं.

तेवढ्यात कपारीतून लांब मिशा बाहेर आल्या. मागून लाल पट्ट्यांचा झिंगा आला, त्यानं गोगलगायीला चिमट्यात धरलं, दगडावरून ओढून काढलं आणि खायला सुरुवात केली. रुपरावांनी पाण्यात हात घातला. झिंगा ती घेऊन मागच्या मागे कपारीत गेला.

गोपिकाबाईंनी बॅटरी त्यांच्याकडे वळवली. "हा झिंगा कुठून आला?"

ते स्टुलावरून उतरले. मग सगळं सांगितलं, पिशवीसुद्धा. गोपिकाबाई ऐकत होत्या, आणि त्यांना झिंग्याचं काही वाटलं नव्हतं. पिशवीचं वाटलं.

"बसमधल्या लोकायवर तुमी संशय घेत होते, ते तुमचं काम होतं," त्या म्हणाल्या. "मी कोणत्या बसमधली आहो?"

त्या आत निघून गेल्या. रुपराव मगानं पाणी ढवळत राहिले. वीज आली तेव्हा ऊन उतरलं होतं.

सुशीलला फोनवर सांगता आलं असतं. गोगलगायी जगल्या नाहीत, एवढं म्हटलं असतं तरी त्यानं मानलं असतं, कारण त्या नाजूक असतात हे तोच म्हणाला होता. हा विचार रुपरावांच्या मनात आला, हे त्यांनी पुढे मला स्वतः सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी ते स्कूटर काढून नंदनवनात गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या आणि त्या प्रत्येकीत तीच तपकिरी फुलं, मुद्दाम वाढवलेली. एका क्षणी त्यांना वाटलं, सापडला, हाच तर पसरवतो. मग लक्षात आलं की गोगलगायींना खायला काहीतरी लागणारच. बरण्यांत गोगलगायी मात्र नव्हत्या. होत्या तेवढ्या त्यानं यांनाच दिल्या होत्या.

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. सुशील स्क्रू पिळत होता, तो थांबला.

"मले एकदा इचारलं असतं, तर सांगतलं असतं ना, काकाजी."

"तुह्यावर भरोसा नव्हता," रुपराव म्हणाले.

सुशीलनं त्यांना बसा म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. संध्याकाळी दुकान बंद करून येतो, एवढं म्हणाला.

तो आला आणि थेट टँकशी गेला. बॅटरी घेऊन एकेका कपारीत पाहू लागला. आणखी काय टाकलं, औषध टाकलं का, झिंगे नक्की किती, हे त्यानं दोनदोनदा विचारलं आणि रुपराव उत्तर देत असताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. रुपराव पाठीमागे हात बांधून उभे होते. मग दोघांनी पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून ते उलटं बसवून सापळा केला, आत माशाचा तुकडा टाकला. रात्रभर तो टँकमध्ये राहिला आणि सकाळी त्यात तीन झिंगे होते. सुशील पुन्हा आला तेव्हा त्यानं विचारलं, झाले का सगळे. चौथ्यासाठी सगळे दगड बाहेर काढावे लागणार होते, पोवळी दुखावणार होती. रुपराव म्हणाले, "चार होते. एक आत आहे."

दोघांनी मिळून दगड काढले. शेवटच्या दगडाच्या पोकळीत तो चौथा होता. आणि मागच्या काचेवर, पंपाच्या आड, जिथं कोणाची नजर जात नव्हती, तिथं पांढऱ्या बारीक दोऱ्याची एक गुंडाळी चिकटलेली होती. सुशील वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. अंडी आहेत, म्हणाला. झिंग्यांपासून वाचली. दगड पुन्हा होते तसे ठेवा, आणि आता खरंच काही करू नका.

झिंगे दुकानात परत गेले. पुढचे महिने रुपरावांचे वाईट गेले. दिसत काहीच नव्हतं. अंडी फुटली की सडली, सुशील खरं बोलला की नुसतं समजावून गेला, हे ते रोज स्वतःशी घोळवत. पण काही टाकलं नाही, आणि मनात आलेलं गोपिकाबाईंना सांगू लागले. त्या पहिले काही दिवस उत्तर देत नव्हत्या. मग एकदा म्हणाल्या, त्या डाव्या दगडावरचं झुडूप मले कमी दिसून राहिलं. त्यांनी पाहिलं, तर खरंच कमी होतं.

पोळ्यापर्यंत दगड मोकळे झाले. हिरवी बटणं पुन्हा उघडायला लागली. आता गोगलगायी दिवसासुद्धा काचेवर फिरताना दिसत, कारण त्यांना खायला उरलं नव्हतं. सुशीलनं काही आपल्या बरण्यांसाठी नेल्या आणि उरलेल्यांसाठी धंतोलीतल्या चिन्मयी नावाच्या एका बाईंचा पत्ता दिला. त्यांच्या दवाखान्यात खाऱ्या पाण्याचा टँक होता आणि तो फुलांनी भरून गेला होता.

रुपराव डबी घेऊन निघाले तेव्हा त्यांनी गोपिकाबाईंनाही बरोबर घेतलं. तिथं गेल्यावर त्यांनी आधी विचारलं, झिंगा आहे का. चिन्मयीबाई नाही म्हणाल्या. रुपरावांनी तरी बॅटरी काढली आणि टँक सगळ्या बाजूंनी पाहिला. त्या बाईंना ते आवडलं नसावं. मग रुपरावांनी डबी उघडून गोगलगायी सोडल्या आणि घरी काय झालं होतं ते त्यांना सांगितलं, स्वतःचं नाव न वगळता.

सुशील अजूनही महिन्यातून एकदा येतो. आला की आधी विचारतो, काही नवीन टाकलं तर नाही ना, काकाजी. रुपराव नाही म्हणतात आणि बाजूला होऊन त्याला बघू देतात.

त्या दिवशी धंतोलीहून परतताना त्यांनी ऑटो केला होता. ऑटोवाल्यानं मेडिकल चौकाकडून गाडी घेतली तशी रुपरावांनी त्याला विचारलं, इकडून काहून नेतो. तो म्हणाला, तिकडे रस्ता खोदला आहे साहेब. रुपराव वाटेत दिसेल तिथं मान काढून तिकडचा रस्ता खरंच खोदला आहे का ते बघत राहिले. गोपिकाबाई रिकामी डबी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.