शेपटीवर भागलं

व्हर्नेल सग्ज पाली पाळायची आणि सापवाल्यांना विकायची, त्यांच्या सापांच्या पोटासाठी. चर्चमधल्या बायका नाकं मुरडायच्या. व्हर्नेल म्हणायची, "तुम्ही कोंबड्या पाळता, मी पाली पाळते. खाणारं तोंड तेवढं वेगळं."

पाली बोटाएवढ्या, आणि झाडून साऱ्या माद्या. या जातीत नर लागतच नाही. एकटी पाल अंडी घालते, बरणीच्या काचेला चिकटवते आणि मोकळी होते. "नवरे नाहीत, म्हणून तर घर सुरळीत चाललंय," असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची. तिचा स्वतःचा नवरा टेक्सासला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून या बरण्यांवरच तिची चूल पेटत होती.

त्या जानेवारीत फ्लोरिडात कडाक्याचं हिव पडलं. संत्र्यांच्या बागा करपल्या, वीज गेली, बरण्यांना ऊब देणारे दिवे विझले. सकाळी बघते तर सगळा शुकशुकाट. अंडीसुद्धा गारठून गेलेली. वाचली ती एकच, आधीच निसटून गॅसच्या शेगडीमागे बिऱ्हाड केलेली एक द्वाड पाल. व्हर्नेलने तिला पकडून बरणीत ठेवलं आणि डोळे पुसले. एक आहे म्हणजे पुन्हा सगळ्या होतील, एवढाच काय तो धीर.

नेमका तेव्हाच डेल्बर्ट यान्सी दारात आला. ट्रक चालवणारा आडदांड गडी, पण हातातला डबा असा सांभाळत होता की आत जणू काठोकाठ सूप आहे. डब्यात बुटाच्या नाडीएवढं सापाचं पिल्लू होतं. त्याची जुनी सापीण अंडी घालून मेली, त्यातलं हे एकच जगलेलं.

"उंदराच्या पिल्लाकडे ढुंकून बघत नाही, मिस व्हर्नेल. पालच हवी याला. कातडी लोंबायला लागलीय बघा."

"माझ्याकडे एकच उरलीय, डेल्बर्ट."

"ठाऊक आहे. म्हणून तर मागायला तोंड होत नव्हतं." तो टोपी चुरगाळत राहिला. "इतकी वर्षं ट्रकवरून घरी गेलो की याची आईच वाट बघत असायची हो."

"साप काय वाट बघतो होय रे, येड्या? साप नुसता पडून असतो."

"तेच ना. कुणीतरी पडून असलं तरी बरं वाटतं घरात."

हे व्हर्नेलला लागलं. तिला राग आला, हिवाचा, डेल्बर्टचा आणि स्वतःच्या मऊ काळजाचाही. तिने बरणीचं झाकण उघडलं.

"घेऊन जा. आणि माझा धंदाही गेला समज."

पालीला शेपटीला धरायचं नाही, हे ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला दरडावून सांगायची. आज रागाच्या भरात तिनेच शेपूट धरलं. पाल सटकली, भिंतीवरून थेट शेगडीमागे पसार झाली. शेपूट तेवढं व्हर्नेलच्या चिमटीत वळवळत राहिलं.

"गेली की हो!" डेल्बर्ट किंचाळला.

"बोंबलू नकोस. डबा उघड आधी!"

शेपूट डब्यात पडलं, तरी उड्या मारतच होतं. पिल्लाची जीभ लवलवली. त्याने मान उचलली, झडप घातली आणि शेपूट गिळायला लागलं. एवढा थोराड डेल्बर्ट, पण पोरासारखा हुंदके देऊन रडला. व्हर्नेललाही आवरेना.

"पाल आहे तिथेच राहू दे," ती नाक पुसत म्हणाली. "शेगडी पेटती ठेवते मी. ही रिकामी बरणी घेऊन जा, उंदराचं पिल्लू हिच्यात घोळव. पालीचा वास लागला की फसेल हा."

"आणि नाही फसला तर?"

"शेपूट पुन्हा येतं रे तिला."

"मग आलं की येऊ मी?"

"आलं की ये," व्हर्नेल म्हणाली. "नाही आलं तरी ये."