इस्त्रीच्या तालावरचं गाणं

आमच्या थोरल्या जाऊबाई सुरेख गातात, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त त्यांना तसं सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं, मलासुद्धा. आमची दोघींची लाँड्री आहे. मी कपडे धुते आणि गिऱ्हाइकांशी भांडते, त्या इस्त्री करतात. इस्त्री करताना स्वतः जुळवलेली गाणी म्हणतात. कॉलरला एक ओळ, प्रत्येक बाहीला एक, पाठीला अख्खं कडवं. गाणं संपलं की शर्टाची घडी तयार!

समोरच्या इमारतीत एक हार्पवाला राहायला आला. हार्प म्हणजे माणसाएवढं उंच, तारांचं वाद्य. केल्टिक म्हणजे आयर्लंडकडच्या जुन्या सुरावटी, त्यांच्या जोडीला देशोदेशीचे ढोल आणि बासऱ्या, आणि शब्द सगळे देवाशी बोलल्यासारखे, असा त्याचा अल्बम चालला होता. एकदा तो कपडे न्यायला आला आणि दारातच खिळला. जाऊबाई आपल्याच नादात म्हणत होत्या,

‘घडी घालून ठेवलंस मला, कपाटात अंधार फार,
उलगड रे एकदा उन्हात, सुरकुत्यांसकट बघ.’

“ताई, हे माझ्या अल्बममध्ये गाल?” त्यानं विचारलं.

जाऊबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. “हे? हे तर मी असंच म्हणते.”

“असंच म्हणा.”

झालं! त्या दिवसापासून बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. येईल त्या गिऱ्हाइकाला बातमी. दूधवाला, पोस्टमन, भाऊजींच्या ऑफिसातला साहेब, कुणी सुटला नाही. “अहो, जरा दमानं,” मी म्हणायची, आणि उरलेल्यांना मी सांगून यायची.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मात्र पंचाईत झाली. बाकीची गाणी होऊन गेली होती आणि स्टुडिओ तेवढ्या दुपारपुरताच हातात होता. हे जमलं नाही तर अल्बम या गाण्याशिवाय निघणार होता. जाऊबाई माइकपुढे उभ्या राहिल्या, पहिली ओळ म्हणाल्या आणि अडल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा अडल्या. मोकळ्या हातांचं काय करावं तेच त्यांना कळेना. कधी पदर ओढ, कधी बोटं मोड. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला घड्याळाकडे बघायला लागला. “राहू दे,” जाऊबाई पडेल आवाजात म्हणाल्या. “आता गल्लीत कुठल्या तोंडानं जाऊ गं?”

मला असा संताप आला! “कोण राहू देतंय?” म्हणत मी उठले, टॅक्सी केली, दुकानातून टेबल आणि इस्त्री उचलून आणली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, “बाई, इथे इस्त्री चालत नाही.”

“आज चालेल,” मी म्हटलं, आणि प्लग लावून मोकळी झाले.

गडबडीत कपडा आणायचा मात्र विसरले. हार्पवाल्यानं मुकाट्यानं अंगातला रेशमी शर्ट उतरवून दिला आणि बनियनवर हार्प घेऊन बसला.

आणि काय सांगू! कॉलरला इस्त्री टेकली आणि गळा उघडला. मागे हार्पच्या तारा, मध्येच इस्त्रीचा धप्प आवाज, जणू तो ढोलच. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. काचेपलीकडचा तोसुद्धा घड्याळ विसरला.

शेवटच्या कडव्यात जाऊबाईंचा आवाज उंच चढला आणि तिथेच राहिला. हातही राहिला. शर्टाच्या पाठीवर टेकलेली इस्त्री हलेना, कडेनं धूर निघाला. इतक्या वर्षांत या बाईच्या हातून कुणाचा रुमालदेखील करपला नव्हता. मी ओरडणार, तेवढ्यात हार्पवाल्यानं माझ्याकडे बघून ‘नको, नको’ अशी जोरजोरात मान हलवली. शर्ट त्याचाच, धूर त्याला दिसत होता, आणि बोटं थांबत नव्हती. मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

सूर संपला. “मिळालं!” रेकॉर्डिंगवाला ओरडला.

जाऊबाईंनी इस्त्री उचलली. शर्टाला हे एवढं भोक. मला वाटलं, आता रडतील. त्या भोकाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

“अगं,” त्या म्हणाल्या, “गाता गाता मी डोळे मिटले होते!”