तुरीच्या दाण्याएवढा चंद्र

कळंबचा बळीराम शाळेच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होता. रिटायर झाला, बायको गेली, लेक सासरी नांदत होती. घरात उरले ते दगड. नाल्यातल्या गारगोट्या, शेताच्या धुऱ्यावरचे रंगीत खडे, अन् काय काय. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणो बापडं! गावाला कोणाचं तरी डोकं फिरलेलं लागतंच.

ते दगड पाहायला रोज एकच माणूस यायचा, बालमित्र बबनराव. चंद्रावर काही आदळलं की तिथले तुकडे उडतात, एखादा भटकत भटकत पृथ्वीवर पडतो, कुठल्याशा वाळवंटात सापडतो आणि जगभरचे शौकीन त्यासाठी जीव टाकतात, हे त्यानंच मोबाइलवर वाचलं. झालं! दोघांनी दोन वर्षं हात आखडून पुण्याच्या एका संग्राहकाकडून तुरीच्या दाण्याएवढा तुकडा मागवला.

कुरिअरनं डबी आली ती नेमकी गणेश चतुर्थीला. बबनराव सुरी घेऊनच बसला. बळीरामानं मात्र डबी मांडीखाली दाबली. आज चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, हे त्याच्या आईनं लहानपणीच हाडात भिनवलं होतं.

"अबे, दगड होय तो," बबनराव म्हणाला. "आभायातला चंद्र थोडीच पाहून राह्यलो आपण?"

"चंद्र तो चंद्रच. उद्या पाहू. कुठं पळून चालला?"

बबनराव हसत, शिव्या देत घरी गेला. पहाटे त्याच्या छातीत कळ आली अन् खेळ आटोपला.

बळीरामानं डबी उघडलीच नाही. एकट्यानं काय पाहायचं? नऊ दिवस तो कोणाशी बोलला नाही. बोलणार तरी कोणाशी होता!

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. बबनरावाचा मुलगा इंद्रजित हात जोडून म्हणाला, आईला सांभाळतो, वावर विकत नाही. सून बोलली, भाऊ बोलले. ऊन चढलं. जीव कशात अडकला म्हाताऱ्याचा, अशी कुजबुज सुरू झाली. बळीरामाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो तासभर मागं गप्प उभा होता.

शेवटी पुढं झाला. डबी फोडली, तो करडा दाणा पिंडापाशी ठेवला.

"पाह्य रे बबन्या," तो म्हणाला. "माह्यंच चुकलं."

तो मागं सरतो न सरतो तोच कावळा उतरला आणि भाताचा घास घेऊन उडाला. लोकांनी हुश्श केलं. इंद्रजितनं त्याचे पाय धरले. काका, तुम्ही होते म्हणून बाबा सुटले, म्हणाला.

बळीराम तिथंच मटकन बसला आणि पोरासारखा रडला. कावळा शिवत नव्हता तोवर बबन तिथंच कुठंतरी होता, डबी उघडायची वाट पाहत. आता बळीरामानंच त्याला वाटेला लावलं होतं.