आबांचा खरखरीत ब्रश

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फौजेतून हवालदार म्हणून परत आले त्याला आता तीस वर्षं होत आली. फौजेतलं बाकी सगळं हळूहळू सुटलं. ट्रंकेला गंज चढला, हिंदी बोलणं गेलं, बुटांची सवय गेली. दाढी तेवढी सुटली नाही. कोरेगावपासून जवळच आमचं गाव. तिथं रोज उजाडता उजाडता आबा न्हाणीच्या भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहतात. एका हातात पितळी वाटी, दुसऱ्या हातात ब्रश. एकादशीला तेवढी सुट्टी.

त्या ब्रशाची मूठ लाकडी, लाल रंग जागोजाग उडालेली. केस इतके ताठ की मनगटावर फिरवला तर पांढरे ओरखडे उठायचे. कॅन्टीनमधून घेतलेला, पण कुठल्या पोस्टिंगवर ते आबांनाही आता सांगता येत नाही. मी लहान असताना ते वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे. त्यांची दाढी चालू झाली की मी समोर दगडावर जाऊन बसायचो. मग कधीतरी, रोज नाही, ते फेसानं भरलेला ब्रश माझ्या गालावर गोल फिरवायचे आणि म्हणायचे, "काय जवान, तुजी बी करायची का?" लई खरखर व्हायची. गाल हुळहुळत राहायचा, शाळेत बसलो तरी हात तिथंच जायचा. मार खाल्ला तो सोडला तर आबांचा हात माझ्या अंगाला लागला तो एवढाच, तोही मध्ये ब्रश धरून. आमच्यात पोरांना जवळ घ्यायची पद्धत नव्हती. त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी सांगतो, लपवत नाही. साताऱ्यात खोली करून राहिलो, हातानं भाकरी थापल्या, इंग्रजी घेऊन बी. ए. झालो आणि सांगलीत सरकारी कचेरीत लागलो. दारावरच्या पाटीवर नावापुढं बी. ए. लिहिलंय. मुलगी हसते. म्हणते, "पप्पा, असं कोण लिहितं आता?" ज्याच्या घरात ते पहिल्यांदा लिहिलं गेलं तो लिहितो, असं मी तिला सांगितलंय. ती पुण्याला शिकते, तिच्यासाठी बायकोही तिकडंच खोली घेऊन राहिली आहे. सांगलीच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. कचेरीतून आलो की कुलूप काढतो, कुकर लावतो. दोन शिट्ट्या झाल्या की त्यानंतर घरात दुसरा आवाज असा नसतो. आई गेल्यापासून गावाकडं आबाही एकटेच आहेत. बापलेक दोघं दोन घरांत एकेकटे, आणि मधे पॅसेंजर गाडीचे चारेक तास.

एकट्या माणसाला मोबाईल काय काय दाखवतो. मागच्या वर्षी एका संध्याकाळी त्यानं मला दाढीचे ब्रश दाखवले. त्यातला सगळ्यात भारी बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा. बॅजर म्हणजे काय हे इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या मला डिक्शनरीत बघावं लागलं. थंड मुलखात बिळात राहणारा, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला प्राणी. त्याचे केस रेशमासारखे मऊ, पाणी धरून ठेवतात, म्हाताऱ्या कातडीला त्रास देत नाहीत, असं तिथं लिहिलं होतं. म्हाताऱ्या कातडीचं वाचल्यावर मी लगेच आबांसाठी मागवला. आला तेव्हा हातावर फिरवून बघितला. खरोखर काही लागतच नव्हतं.

रविवारपर्यंत दम निघेना म्हणून शनिवारी रात्रीच गावी पोचलो आणि सकाळी दाढीच्या वेळेला डबी आबांच्या हातात दिली. शेजारचे तात्या, माझे चुलते, रोजच्यासारखे पायरीवर चहाची कपबशी घेऊन बसले होते. आबांनी ब्रश बोटांनी दाबून बघितला.

"ह्यो ब्रश हाय का सशाचं कान?"

"लावून बगा तरी," मी म्हणालो.

त्यांनी तो गरम पाण्यात बुडवला. नवा होता, ओला झाल्याबरोबर त्याला वास सुटला. आबांनी नाकाशी नेला आणि लांब धरला.

"ओल्या कुत्र्यावानी वास मारतोय. कशाचं क्यास हायत हे?"

मी सांगितलं. थंड मुलूख, बीळ, काळेपांढरे पट्टे, सगळं.

"जनावराचं?" आबांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. आई गेल्यावर त्यांनी तुळशीची माळ घातली, मटण तर सोडाच, अंडंसुद्धा सुटलं. "माळ हाय माज्या गळ्यात. हे तोंडाला लावू व्हय?"

"लाव की एकदा," तात्या म्हणाले. "पोरगं एवढं हौसेनं घिऊन आलंय. मागनं गोमूत्र शिंपडू दाढीवर."

दोघं हसले. आबा म्हणाले, "आन लय मऊ हाय रं. ह्यानं दाढी उठायचीच न्हाई." आणि ब्रश डबीत ठेवून दिला.

मी शुद्ध बोलायला लागलो की आमच्या घरात ओळखतात, मी चिडलोय. त्या सकाळी मी शुद्ध बोललो.

"आबा, तुमचा स्वतःचा ब्रश कशाचा आहे हे माहीत आहे का तुम्हाला? असे ताठ केस डुकराचे असतात. चाळीस वर्षं तुम्ही डुकराचे केस तोंडाला लावताय."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "आगागागा. म्हंजे आमचं माळकरी रोज सकाळी डुक्कर फासतंय व्हय तोंडाला?"

आबा हसले नाहीत. माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, "खरं म्हणतोस?"

"खरं. मी वाचलंय."

मी वाचलंय म्हटलं की आमच्या घरात विषय संपतो. उताऱ्यावर काय लिहिलंय, डॉक्टरनं काय लिहिलंय, पेन्शनच्या कागदात काय आहे, मी वाचून सांगितलं की आबांनी दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही. आणि वाचलं काय होतं मी? खरखरीत ब्रश बहुधा डुकराच्या केसांचे असतात, अशी त्या मोबाईलवरची एक ओळ. आबांचा ब्रश मी हातात घेऊन धड बघितलासुद्धा नव्हता.

महिन्यानं परत गेलो तेव्हा आरशाखालच्या देवळीत वाटी होती, तुरटी होती, ब्रश नव्हता. आबा हातानंच साबण चोळून दाढी करत होते. हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलेलं, त्यावर कागदाचे तुकडे चिकटवलेले. माझा नवा ब्रश डबीत तसाच. तात्या पायरीवर होतेच. "काय हवालदार, आज डुकराला सुट्टी का?" म्हणाले. नंतर कळलं, हे ते रोज म्हणत होते. चावडीसमोर चार माणसं बसलेली असतील तर तिथंसुद्धा. आबा ऐकून घेत होते.

मी म्हणालो, "आबा, प्लास्टिकचा ब्रश मिळतो. त्यो आणू का?"

"नगं. चाललंय माजं."

त्या वेळेपासून त्यांचं बोलणं कमी झालं. फोन केला की जेवलास का, जेवलो, पाऊस हाय का, न्हाई, एवढंच. पूर्वी ते ऊस कुठवर आलाय, कुणाच्या पोराची भरती झाली, सगळं सांगायचे आणि मला कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही. आता शिट्ट्या मोजता येत होत्या. आबांचा ब्रश गेला हे खरं, पण त्याहून मोठं काहीतरी माझ्या हातानं गेलं होतं आणि ते कसं परत आणायचं ते मला सुचत नव्हतं.

चारेक महिने असेच गेले. एकदा निघताना त्यांनी माझ्या पिशवीत शेंगा आणि गुळाची ढेप भरली, आणि वर एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू ठेवली. सांगलीत पिशवी उघडली तर तो जुना ब्रश. बरोबर नवा, डबीसकट. मी लगेच फोन केला.

"तुज्याकडं ऱ्हाऊदी," आबा म्हणाले. "तुज्या काय गळ्यात माळ न्हाई."

दोन्ही ब्रश बेसिनवर शेजारीशेजारी ठेवले. सकाळी जुन्यानं दाढी करायला घेतली. गालावर फिरवला आणि गाल हुळहुळला. मी बावन्न वर्षांचा माणूस, तोंडाला फेस लावून तसाच उभा राहिलो. कचेरीला उशीर झाला.

मग रोज तोच वापरायला लागलो. एक दिवस त्याचा एक केस गळून साबणात चिकटला. दुधाळ पांढरा, एकसारखा जाड, आणि दोन्ही टोकं सारखीच बोथट. केस टोकाला निमुळता होतो, एवढं मलाही माहीत आहे. गॅस पेटवला आणि चिमट्यात धरून तो जाळाला लावला. आमच्याकडं बैलाला डाग देताना, कोंबडं भाजताना, केस आणि पिसं जळाल्याचा वास लहानपणापासून नाकात बसलेला. तो वास आला नाही. केस आखडून त्याचा काळा कडक मणी झाला, घरात प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला.

नायलॉन.

एवढ्या दिवसांत ही साधी गोष्ट मी करून बघितली नव्हती. शाळेची पायरी न चढलेला आमच्या गावातला कुठलाही माणूस पहिल्यांदा हेच करेल. गॅस बंद करून मी खुर्चीवर बसलो. घरात सांगायला कुणी नव्हतं. बायकोला फोन करावा असं वाटलं, पण काय सांगणार? आबांच्या ब्रशाबद्दल खोटं बोललो, असं? तिला आधी ब्रशाचंच सांगावं लागलं असतं.

रविवारच्या पॅसेंजरनं निघालो. ब्रश शर्टाच्या खिशात होता. कराड गेलं, रहिमतपूर गेलं, मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि सगळी शुद्ध येत होती. ती सोडून दिली. फोनवर सांगता आलं असतं, पण डुक्कर मी तात्यांच्या समोर म्हणालो होतो. आता जे काही म्हणायचं ते त्यांच्या समोरच म्हणायला पाहिजे होतं.

दुपारी पोचलो. तात्या आले आणि चहा झाला. मी ब्रश काढून दोघांच्या मधे ठेवला.

"आबा, ह्यो डुकराचा न्हाई. नायलॉनचा हाय. म्या जाळून बगितला. माजं चुकलं. वाचलं एक आन बोललो एक."

मग तात्या म्हणाले, "मंग बी. ए. कशात केलीस रं गड्या? डुकरात?"

"इंग्लिशमदी केलीया त्यानं," आबा म्हणाले. "तू गप च्या पी."

तात्या गेल्यावर आबांनी ब्रश उचलला, फडक्यानं पुसला आणि देवळीत वाटीशेजारी ठेवला. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "म्या त्या दिशीच बगितला हुता. चुलीतली काटकी लावून."

मला आधी नीट कळलंच नाही. "म्हंजे तुमास्नी ठावं हुतं?"

"व्हय."

"मंग बोलला का न्हाई? तात्या रोज एवढं टोचत्यात तुमास्नी."

"त्याच्यासमूर काय बोलू?" आबा म्हणाले. "गावात सगळ्यास्नी म्या सांगत असतो, माजं पोरगं वाचल्याबिगर बोलत न्हाई म्हणून."

पाटीवर बी. ए. मी लिहिलं होतं आणि ते जपत आबा बसले होते, इतके महिने, कापलेल्या हनुवटीनं. थोड्या वेळानं मी विचारलं, ब्रश मला का देऊन टाकला.

"हितं असता तर माजा हात त्याच्याकडंच गेला असता."

रात्री तिथंच राहिलो. सकाळी आवाजानं जाग आली. न्हाणीकडून पाणी ओतल्याचा आवाज, वाटीत ब्रश घोटल्याचा, मग गालावर तो फिरल्याचा. अंथरुणात पडून मी तो पुरता ऐकला. उठून बाहेर गेलो, जवळ उभा राहिलो. तो दगड अजून तिथंच आहे, पण बसलो नाही. आबांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. ब्रश फेसानं भरलेला होता. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. ते हनुवटी वर करून मानेला फेस लावायला लागले आणि म्हणाले, "आवर बिगीनं. गाडी चुकंल."

गाडी चुकली नाही. संध्याकाळी कचेरीतून येऊन कुलूप काढलं, कुकर लावला.

आता सांगलीत बेसिनवर एकच ब्रश आहे, बॅजरचा. त्याचा वास केव्हाच गेला. दाढी चांगली होते, फेस भरपूर धरतो. गालावर फिरवला तरी गालाला काही लागलं असं वाटत नाही, कुणीच फिरवत नसल्यासारखं. आबांचे फोन पुन्हा लांबायला लागलेत, उसापासून भरतीपर्यंत. परवा सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्यो तुजा ब्रश वापरतोस न्हवं?"

"वापरतो की."

"कसा हाय?"

"मऊ हाय, आबा."

"व्हय," ते म्हणाले. "मऊ लय हुता त्यो."