भरतीचा पट्टा

धक्क्याच्या भिंतीवर भरतीची खूण बघत मी उभी होते. आमच्या नकाशात ती बारीक रेषा असते. इथे हातभर रुंद, बुळबुळीत शेवाळ होतं. उधाणाला पाणी त्याच्या वरच्या कडेला टेकतं, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत खालूनच परततं.

किनाऱ्यावर घरं कुठपर्यंत बांधू द्यायची, हे आमच्या पाहणीवरून ठरणार होतं. "मॅडम, एकच रेषा द्या, म्हणजे सुटलो," बांधकाम परवानगी देणारे साहेब सकाळीच म्हणाले होते.

आपल्या न कळण्यालाही रुंदी असते. ती नकाशातून पुसली, म्हणून पाणी थोडंच थांबणार आहे?

मी फोन लावला. "साहेब, रेषा नाही, पट्टा मिळेल. पावसाळ्यातली उधाणंही बघून मगच देईन. आणि घरं त्याच्या वरच्या कडेच्या पलीकडे."